ब्रेकसर आणि वाऱ्याचा महिना

ब्रेकसरांचं खरं नाव त्यांच्या ड्रायव्हिंग स्कूलच्या पाटीवर चांगलं ठळक रंगवलेलं होतं, पण ते वाचायची तसदी कुणी घेत नसे. शिकवायच्या गाडीत शेजारच्या सीटपुढेही एक ब्रेक असतो. शिकणारा चुकला, तर शिकवणाऱ्यानं तो दाबायचा. बाकीचे मास्तर चूक झाल्यावर दाबतात. आमचे सर चूक व्हायच्या आधी दाबत. रस्त्यावर म्हातारी दिसली की ब्रेक. म्हातारी फूटपाथवर असली तरी ब्रेक, कारण तिच्या मनात काय येईल सांगता येतं का? दिवा लाल असला की ब्रेक, पिवळा असला की ब्रेक, आणि हिरवा असला तरी ब्रेक, कारण हिरवा कधी ना कधी पिवळा होणारच.

पण एक आहे हं. सरांकडे शिकलेल्यांपैकी कुणी कधी गाडी ठोकली नाही. त्यामुळे आईबाप आपली पोरं डोळे मिटून त्यांच्याकडे पाठवत आणि पोरं कपाळाला हात लावत. एक बेकरीवाला तर इतकी वर्षं शिकत होता की त्याच्या मागून आलेले शिकून, गाड्या घेऊन, त्या विकूनही मोकळे झाले होते. "सर, एकदा तरी तिसऱ्या गिअरचं दर्शन घडवा हो," असं तो हात जोडून म्हणे.

वर्षानुवर्षं हेच केल्यावर सरांचा पाय त्यांचा राहिला नव्हता. सिनेमात नायकाची गाडी दरीच्या काठाशी आली की पाय पुढच्या खुर्चीवर दाबला जाई आणि पुढचा माणूस मागे वळून बघे. न्हाव्यानं वस्तरा उचलला की पाय. लेक लहानपणी जिन्यावरून धावत उतरली की पाय. झोपेत पलंगाच्या पायथ्याच्या फळीला लाथा बसून ती एकदा निखळली. सुतार आला, त्यानं फळीकडे बघितलं, सरांकडे बघितलं आणि न विचारता जाड स्क्रू लावले.

त्यांची बायको अगदी उलट. दवाखान्याच्या तळमजल्यावर रक्त काढायच्या खोलीत त्या नोकरीला होत्या. येणारा-जाणारा त्यांना सुईताई म्हणे, आणि प्रेमानं म्हणे. त्या कुणालाही, अगदी रडणाऱ्या पोरालाही, "दुखणार नाही" असं सांगत नसत. "दुखेल. थोडंसं. आता," एवढंच म्हणत, आणि खरंच तेवढंच दुखे. नव्या आलेल्या मुली गोड बोलून सुई टोचायला लागल्या की ताई त्यांना बाजूला घेत. "आज खोटं सांगशील, तर उद्या तो हातच पुढे करणार नाही," म्हणत.

तर या सुईताईंची निवृत्ती जवळ आली. दवाखान्यात लोक बसतात तिथे एक टीव्ही आवाज बंद करून लावलेला असे. एका दुपारी त्यांनी त्यावर काहीतरी बघितलं, आणि रात्री जेवताना जाहीर केलं, "अहो, नोकरी संपली की मला उडायचंय."

"विमानानं ना? जाऊ की," सर म्हणाले.

"विमानानं जायचं. मग पतंगानं उडायचं."

सरांचा घास हातातच राहिला. ताईंनी ताट बाजूला सारून हातवारे करत समजावलं. पायाखाली फळी, कमरेला पट्टा, पट्ट्याला दोऱ्या आणि दोऱ्यांच्या टोकाला खोलीएवढा पतंग. वारा पतंगाला ओढतो, पतंग माणसाला ओढतो, माणूस समुद्रावरून पळतो आणि मनात आलं की हवेत जातो. नारळाची झाडं, निळं पाणी, बारमाही ऊन. "आणि ती बाई माझ्यापेक्षा म्हातारी होती हो! पांढरीशुभ्र वेणी, आणि कशी हसत होती! मला म्हणाल तर आयुष्यात दुसरं काही नको. दागिना नको, सत्कार नको. हे एवढं द्या."

टेबलाखाली सरांचा पाय जमिनीत रुतला होता.

नाही म्हणायला काही कारणही नव्हतं. ताई पोहण्यात पटाईत. रोज सकाळी तलावावर जात, आणि सर काठावरच्या बाकावर टॉवेल धरून बसत. सरांना स्वतःला पाणी फक्त बादलीतलं चाले. दूरच्या शहरात नोकरी करणारी लेक फोनवर आनंदानं किंचाळली. "आई, भन्नाट! बाबा, मी करू का सगळं बुकिंग?"

"नको, प्रवासाचं मीच बघतो," सर म्हणाले. घरात तशी वाटणीच होती. जायचं-यायचं सरांनी ठरवायचं, बॅगा ताईंनी भरायच्या, आणि भरलेल्या बॅगा सरांनी उघडून पुन्हा तपासायच्या.

सरांनी त्या किनाऱ्यावरच्या शाळेला फोन लावला. पतंगावर उडायला शिकवणारा तो माणूस मोठा बोलका होता. पलीकडे लाटांचा आवाज येत होता आणि त्यावर याचं हसणं. वाऱ्याचा हंगाम कधी सुरू होतो, कधी संपतो, सगळं त्यानं नीट सांगितलं. "फक्त एक करा सर, अमुक महिन्यात येऊ नका. तेव्हा इथे वारा पडलेला असतो. पतंग वर जातच नाही, समुद्र नुसता तळ्यासारखा. आम्ही तेव्हा शाळेला रंग देत बसतो."

सरांच्या कानात एकच शब्द शिरला. तळ्यासारखा. त्यांच्या डोळ्यांपुढे त्या तळ्यात ताई गुडघाभर पाण्यात उभ्या राहिल्या, हातात फळी, वर निपचित आकाश. जीव कसा भांड्यात पडला. आणि त्यांनी तोच महिना पक्का केला. शिकणाऱ्याचा फोन नंबर म्हणून ताईंचा नंबर दिला, तिकिटं काढली आणि घरी येऊन सांगितलं, "अगं, निवृत्तीनंतर लगेच निघायचं. गर्दी नसते, हॉटेलं रिकामी, समुद्रही प्रसन्न असतो म्हणे." यातला शब्द न् शब्द खरा होता, आणि सगळं मिळून शुद्ध थाप होती. लबाडी करायची ती अशी, सरांसारख्या सरळ माणसालाही एकदम जमून गेली बघा.

ताईंचा आनंद मात्र घरात मावेना. सुताराकडून फळी आणली, तिच्यावर जुन्या चपलांचे पट्टे ठोकून घेतले आणि गच्चीवर तोल सांभाळायला सुरुवात केली. मॉपचा दांडा कपडे वाळत घालायच्या दोरीला बांधून डावं-उजवं करू लागल्या. शेजारीण कपडे काढायला आली ती तशीच उभी राहिली. "काय चाललंय हो हे?" "समुद्रावर चाललेय!" ताई गुडघे वाकवून म्हणाल्या. मग कुठेतरी वाचून त्यांनी सरावाचा एक छोटा पतंग मागवला. कापडी, दोन दोऱ्यांचा, दोऱ्यांच्या टोकाला धरायला दांडी. छोटा म्हणजे चादरीएवढा.

तो उडवायला मोकळी जागा एकच होती, सर गाडी मागे घ्यायला शिकवत ते मैदान. पहिल्या दिवशी सर ताईंच्या मागे उभे राहिले, दोन्ही हात दांडीवर. पतंग जरा वर गेला की सर दांडी खाली ओढत. पतंग तोंडघशी जमिनीवर आपटे.

"अहो, सोडा ना!"

"सोडतो गं, जरा वारा बघू दे."

"वारा मी बघतेय. तुम्ही गाडी बघा."

बेकरीवाला गाडीतून मान काढून म्हणाला, "ताई, तुमचीही शिकवणी सरांकडेच का? मग समुद्र दिसेपर्यंत नातवंडं म्हातारी होतील." आणि मग सरांना त्याच्या शेजारी जाऊन बसावंच लागलं. तिथून त्यांनी बघितलं. ताई एकट्या, पाय रोवून, दांडी हलकेच डावीकडे, हलकेच उजवीकडे, आणि वर तो लाल पतंग आठाच्या आकड्यासारखा घिरट्या घालतोय. ताईंचं तोंड उघडं राहिलं होतं. इतक्या वर्षांच्या संसारात हा चेहरा सरांनी पाहिला नव्हता. फार सुंदर दिसत होत्या त्या. सरांना आपल्या बायकोचं फार कौतुक वाटलं आणि स्वतःची तितकीच लाज वाटली. त्या रात्री सांगून टाकायचं असं त्यांनी ठरवलं. सांगितलं नाही. दुसऱ्या रात्रीही नाही.

सरांची रक्ताची तपासणी दरवर्षी असे आणि रक्त ताईच काढत. निवृत्तीच्या आधीची ही शेवटची, म्हणून सर उपाशीपोटी, चांगला शर्ट घालून खुर्चीत जाऊन बसले. मान दुसरीकडे वळवली. ताईंनी दंडाला पट्टा आवळला.

"मूठ बंद. दुखेल. थोडंसं. आता."

सुई आत गेली. सरांचा पाय खुर्चीच्या पायरीवर दाबला गेला. आणि ताई त्याच सुरात म्हणाल्या, "आपण जाणार त्या महिन्यात तिथे वारा नसतो ना?"

आता मला सांगा, हातात सुई असताना माणूस काय थाप मारणार?

"नसतो," सर म्हणाले.

"तुम्हाला माहीत होतं?"

"होतं."

"हलू नका. मूठ सोडा."

झालं होतं असं की सकाळीच शाळेवाल्याचा ताईंच्या नंबरावर फोन आला होता. बिचाऱ्याला चैन पडेना. "बाई, मी सरांना म्हणालो होतो या महिन्यात येऊ नका. तुम्ही शिकायला येताय ना? की नुसत्या डुंबायला?"

ताईंनी सुई काढली, कापूस दाबला, सरांचा हात दुमडून दिला. आवाज चढला नाही, पण डोळे भरले होते. "अहो, भीती वाटत होती तर तसं म्हणायचं. मी काय खाल्लं असतं तुम्हाला? या खुर्चीत बसलेल्या परक्या माणसालाही मी कधी खोटं सांगितलं नाही. आणि तुम्ही मला फसवलंत? मी गच्चीवर खुळ्यासारखी फळीवर उभी राहायची आणि तुम्ही खाली पेपर वाचत बसायचात?"

"अगं, तुला काही झालं असतं म्हणजे..."

"लग्नानंतर मला गाडी शिकवायला घेतली होतीत, आठवतं? सगळ्यांना सांगत फिरता की हिला जमली नाही. मला जमत होती. तुम्ही ती पुढे जाऊच दिली नाहीत. गल्लीच्या तोंडापर्यंतसुद्धा नाही." त्यांनी बाटलीवर चिठ्ठी चिकटवली. "रद्द करा सगळं. मला कुठेच यायचं नाही तुमच्याबरोबर." आणि दाराकडे बघून हाक मारली, "चला, पुढचे कोण?"

पुढचा माणूस सगळं ऐकून पांढराफटक पडला होता.

त्यानंतर घरात भांडण झालं असतं तर बरं. झालं नाही. ताई वेळेवर जेवायला वाढत, विचारलं तर उत्तर देत, पण फळी जिन्याखाली गेली आणि पतंग घडी होऊन कपाटावर चढला. सकाळी तलावावर त्या एकट्याच जाऊ लागल्या. "टॉवेल मी घेते," म्हणाल्या. सरांना ते फारच लागलं. एका रात्री त्यांनी सगळं बळ गोळा करून माफी मागितली. ताईंनी ऐकून घेतली, मग टेबलाखाली वाकून बघितलं.

"तोंड माफी मागतंय. पाय बघा तुमचा."

पाय फरशीत घट्ट रुतलेला होता. लेकीनं फोनवर डोकं धरलं. "बाबा, तुम्ही ना, धन्य आहात! आता माझ्याकडे येऊ नका निस्तरायला."

शेवटी सरांनी रद्द करायला म्हणून शाळेवाल्याला फोन लावला आणि रद्द करायचं सोडून भलतंच बोलून बसले. सगळं सांगितलं. पाण्याची भीती, पाय, म्हातारी, फूटपाथ. म्हणाले, "मला सांगा, तुमच्याकडे किनाऱ्यावर बसून दाबायला काही असतं का हो?"

तो माणूस खो खो हसला. मग म्हणाला, "दाबायला नसतं सर. पण किनाऱ्यावर एक माणूस लागतोच. पतंग मोठा, तो एकट्यानं वर जात नाही. एकजण कडेला धरून उभा राहतो. तिकडे दोऱ्या ताणून बाई तयार झाल्या की अंगठा दाखवतात. अंगठा दिसला की यानं हात सोडायचे."

"आणि मग?"

"मग काही नाही. मग बघायचं."

"माझ्या हातात काहीच नाही?"

"काही नाही. म्हणून तर हे काम कुणाला नको असतं. पण त्याच्याशिवाय कुणी उडत नाही, सर."

सरांनी फोन ठेवला. मग स्टूल घेतलं, कपाटावरून पतंग काढला, झटकला आणि ताईंसमोर जाऊन उभे राहिले. "एकदाच मैदानावर चल. मी पतंग धरतो."

"धरणारच तुम्ही. सोडायचं काय?"

"ते मलाही बघायचंय," सर म्हणाले.

ताईंना हसू आलं असावं, कारण त्यांनी तोंड फिरवलं. पण चपला घातल्या.

मैदानावर त्या दिवशी वारा मस्त सुटला होता. बेकरीवाला आधीच गाडीत बसून होता. "तुम्ही सुरू करा, आलोच," असं सर त्याला म्हणाले. सुरू करा म्हणजे इंजिन, पण ते सांगायचं राहून गेलं. ताई दांडी घेऊन चालत चालत पार पलीकडच्या टोकाला गेल्या. दोऱ्या ताणल्या. सर पतंगाची कड दोन्ही हातांनी धरून उभे होते. कापड फडफडत होतं, हातातून निसटू बघत होतं. तेवढ्या लांबून ताई लहानखुऱ्या दिसत होत्या. त्यांनी पाय रोवले आणि अंगठा वर केला.

सरांनी तो बघितला. सोडायचं आहे, हेही त्यांना कळत होतं. हात ऐकत नव्हते.

"अहो, सोडा!"

सर घामाघूम झाले. पाय मातीत रुतून बुटाची टाच दिसेनाशी झाली होती.

"दुखेल का गं?" ते ओरडले.

ताई थांबल्या. काय विचारलं आणि का विचारलं, ते त्यांना तिथून नेमकं समजलं. इतक्या दिवसांचा राग त्यांच्या चेहऱ्यावरून उतरला. दुसरी कुणीही असती तर म्हणाली असती, नाही हो, काही नाही दुखत.

"दुखेल!" ताई ओरडल्या. "थोडंसं! आता!"

आणि सरांनी हात सोडले.

पतंग सपकन वर गेला. ताई दोन पावलं ओढल्या गेल्या, धडपडल्या, एका गुडघ्यावर टेकल्या. सर जागचे हलले नाहीत. रिकामे हात तसेच पुढे धरून उभे राहिले. ताई हसत उठल्या, पाय रोवले, आणि लाल पतंग मैदानावर आठाचा आकडा काढू लागला. मागून काहीतरी गुरगुरत गेलं म्हणून सरांनी बघितलं, तर बेकरीवाला एकटा, शेजारची सीट रिकामी, गाडी घेऊन मैदानाच्या टोकापर्यंत गेला होता आणि वळून परत येत होता. त्यानं खिडकीतून तीन बोटं दाखवली. तिसरा गिअर!

"अहो!" ताई वर बघतच ओरडल्या. "वाऱ्याचा हंगाम कधी सुरू होतो तिथे?"

सरांनी या वेळी खरं ते सांगितलं. तेव्हा लाटा उंच असतात, वारा जोरात असतो आणि पोटात गोळा येतो, हेही सांगितलं.

"मग तेव्हाची तिकिटं काढा. दोन!"

"दुसरं कुणाचं?"

"सोडायला कोण येणार? तुमचे काका?"